गॉथिक विवाह : सजावट आणि आशय

पाश्चात्त्य देशांत संपूर्ण विवाहसोहळा एखाद्या ठरावीक कल्पनेभोवती गुंफण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. त्यांतलाच एक प्रकार 'गॉथिक विवाह' या नावाने ओळखला जातो. वधूचा झगा काळा किंवा गडद तांबडा, हातांत काळपट गुलाबांचा गुच्छ, उंच शमादानांतील मेणबत्त्यांचा मंद उजेड, आणि शक्य झाल्यास पार्श्वभूमीला एखादा जुना गढीवजा वाडा किंवा भग्न मठ, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. त्याच्या पूर्वतयारीला महिनोन्महिने लागतात. जागा, वेश, फुले, केक, निमंत्रणपत्रिकेचे अक्षर, सारे काही त्या एका छायेत बसवावे लागते. या हौसेवर निवाडा देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या साहित्यप्रकाराचे नाव हा सोहळा उसने घेतो, त्या साहित्यात विवाहाविषयी प्रत्यक्षात काय लिहिले आहे, ते वाचून पाहावे एवढाच या लेखाचा उद्देश आहे. साहित्यातील सजावट जशीच्या तशी उचलली गेली, परंतु आशय मात्र तेथेच राहिला, असे आम्हांस वाटते.

प्रथम 'गॉथिक' या शब्दाविषयी. सोळाव्या शतकात इटलीच्या वासारीसारख्या कलाभ्यासकांनी मध्ययुगीन वास्तुशैलीला रानटी गॉथ टोळ्यांची शैली म्हणून हिणवले आणि पुढे तेच नाव चिकटले. वास्तविक त्या शैलीचा काळोखाशी काहीच संबंध नव्हता. पॅरिसजवळच्या सें-दनी येथील मठाधिपती सुजे यांनी 1140 ते 1144 या काळात आपल्या मंदिराचा वेदीकडील भाग नव्याने बांधून घेतला, तो अधिकाधिक प्रकाश आत यावा म्हणून. टोकदार कमानींमुळे छताचा भार खांबांवर आला, भिंती हलक्या झाल्या, आणि त्या मोकळ्या जागेत रंगीत काचांच्या खिडक्या बसल्या. वांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, 1904 साली उभ्या राहिलेल्या मंदिरात आपल्यातील कितीतरी कुटुंबांनी गुडघे टेकले आहेत. त्याची घडण याच परंपरेची. मग गॉथिक म्हणजे काळोख, हे समीकरण आले कोठून? आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात इंग्लंडमधील मठ मोडीत काढले. त्यांची छपरे गेली, खिडक्यांच्या काचा गेल्या आणि कमानी तेवढ्या आभाळाखाली उघड्या पडल्या. दोन शतकांनी इंग्रज कादंबरीकारांना जे गॉथिक दिसले, ते या भग्नावशेषांतून. प्रार्थनेचा आवाज थांबलेले मंदिर साहजिकच भयाण वाटते.

या साहित्यप्रकाराचा आरंभच एका मोडलेल्या लग्नाने होतो. होरेस वॉलपोल या उमरावाची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी डिसेंबर 1764 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीवर 'गॉथिक कथा' असे उपशीर्षक होते. कथेच्या पहिल्याच पानांत राजपुत्र कॉनराडच्या लग्नाची तयारी पूर्ण झालेली असते आणि आकाशातून पडल्यासारखे एक प्रचंड शिरस्त्राण अंगणात कोसळून नवरदेव चिरडला जातो. पुत्रशोक करण्याऐवजी बाप मॅनफ्रेड वेगळाच बेत आखतो. वंश चालावा म्हणून पतिव्रता हिपोलिटाला दूर सारून तो होणारी सून इसाबेला हिच्याशीच लग्न करू पाहतो. इसाबेला किल्ल्याखालच्या भुयारातून पळून संत निकोलसच्या मंदिरात आश्रय घेते आणि फादर जेरोम मॅनफ्रेडला ठाम विरोध करतात. येथे भय शिरस्त्राणाचे नाही. एका मुलीची संमती न विचारता तिचे लग्न लावण्यास निघालेल्या सत्ताधाऱ्याचे ते भय आहे. दडपणाखाली किंवा भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा विवाहविषयक कायदा सांगतो. हौशी लेखकाच्या या पहिल्यावहिल्या भयकथेचा कणा नेमका तोच आहे.

शार्लट ब्रॉंटीची 'जेन एअर' ही कादंबरी 1847 सालची. वॉलपोलपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची ही कलाकृती आहे. रोचेस्टर जेनसाठी लंडनहून भारी किमतीचा जाळीदार ओढणा मागवतो. लग्नाच्या तोंडावर, मध्यरात्री, एक अनोळखी स्त्री जेनच्या खोलीत येते, तो ओढणा डोक्यावर घेऊन आरशात पाहते आणि मग त्याचे दोन तुकडे करते. ती रोचेस्टरची पहिली पत्नी बर्था, माडीवर कोंडून ठेवलेली. पुढे वेदीसमोर धर्मगुरू विचारतात, या विवाहास काही अडथळा आहे काय? एरवी ज्याला कोणी उत्तर देत नाही अशा त्या प्रश्नाला येथे उत्तर मिळते. एक वकील पुढे येऊन सांगतो की, पंधरा वर्षांपूर्वी जमैकात झालेले रोचेस्टरचे लग्न अद्याप कायम आहे. विवाहाआधी मंडळीसमोर नावे वाचून दाखवण्याची रीत आपण पुष्कळदा केवळ उपचार म्हणून ऐकतो. त्या उपचाराच्या पोटात केवढा आधार दडलेला आहे, हे ब्रॉंटीच्या या एका प्रसंगातून जितके कळते तितके एखाद्या प्रवचनातूनही क्वचितच कळेल. बर्था केवळ भीती उत्पन्न करण्यासाठी योजलेली वेडी बाई नाही. दडवून ठेवलेले सत्य कधीतरी जिना उतरून खाली येतेच, हे ती देहाने सिद्ध करते. शेवटी जेन आणि रोचेस्टर यांचा विवाह होतो तेव्हा उपस्थित असतात ते दोघे, धर्मगुरू आणि मंदिराचा कारकून. सजावटीचा तेथे उल्लेखही नाही.

मेरी शेलीच्या 'फ्रॅंकेन्स्टाइन' (1818) मध्ये हाच धागा अधिक करुण होतो. आपल्या मनावरील भयंकर गुपित लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगीन, असे व्हिक्टर एलिझाबेथला कळवतो. तो दुसरा दिवस तिच्या आयुष्यात उगवत नाही. ज्याला आपण घडवले आणि टाकून दिले, त्या प्राण्याची धमकी व्हिक्टरला ठाऊक होती. परंतु जिचा जीव पणाला लागला होता तिला मात्र काहीच ठाऊक नव्हते. पुढे 1860-61 मध्ये डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' लिहिली. ती निव्वळ गॉथिक कादंबरी नव्हे, तरी मिस हॅविशॅमचे दालन हे गॉथिक विवाहाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे. लग्नाच्या सकाळी नवऱ्या मुलाचे नकाराचे पत्र आले त्या क्षणी, नवाला वीस मिनिटे कमी असताना, तिने घरातील सारी घड्याळे थांबवली. पिवळा पडलेला झगा, पायांत एकच बूट, टेबलावर कोळिष्टकांनी झाकलेला केक, मेणबत्त्यांचा उजेड. आजचे सजावटकार हेच दृश्य हौसेने उभे करतात. परंतु डिकन्सने ते सौंदर्यासाठी रंगवलेले नाही. क्षमा करता न आल्यामुळे काळच गोठवून बसलेल्या स्त्रीचे ते घर आहे, आणि त्या घरात वाढवलेल्या एस्टेलालाही तिने प्रेम करण्यास असमर्थ करून ठेवले आहे. ते दालन भाड्याने घेण्याआधी त्याची मालकीण कशाने जळाली, हे वाचलेले बरे.

या सर्वांत एकच विवाह असा आहे, जो भयाच्या ऐन मध्यावर टिकून राहतो. तो ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (1897) मध्ये आहे. जोनाथन हार्कर ड्रॅक्युलाच्या गढीतून जीव वाचवून बुडापेस्टला पोहोचतो आणि धर्मभगिनींच्या शुश्रूषेत असतो. मीना इंग्लंडहून तेथे जाते. आपण भोगलेले सारे त्याने एका वहीत लिहिलेले असते. ती वही तो तिच्या हाती देतो आणि सांगतो, हवी तर वाच. मीना ती न वाचता पांढऱ्या कागदात गुंडाळते, गळ्यातील फिकट निळी फीत तिच्यावर बांधते आणि लाखेवर आपल्या विवाहाच्या अंगठीचा ठसा उमटवते. रुग्णालयात, उशांना टेकून बसलेल्या वराशी तिचा विवाह लागतो. पुढे गरज पडते तेव्हा ती वही उघडते, आणि त्या वहीतूनच संकटाशी झुंजण्याचा मार्ग सापडतो. गुपित येथेही आहेच. व्हिक्टर ते उद्यावर टाकतो, रोचेस्टर ते माडीवर कोंडतो, जोनाथन मात्र ते वधूच्या ओंजळीत ठेवतो. फरक एवढाच, आणि आमच्या मते गॉथिक साहित्याने विवाहाविषयी सांगितलेले सर्वांत मोलाचे वचन हेच आहे.

यावर कोणी म्हणेल की, हे साहित्य कॅथलिक घरांत वाचावे तरी का? आक्षेप अगदीच निराधार नाही. मॅथ्यू लुईसच्या 'द मंक' (1796) मध्ये मठवासी हा वासनेचा आणि क्रौर्याचा पुतळा आहे. ॲन रॅडक्लिफच्या 'द इटालियन' (1797) मधील खलपुरुषही मठवासीच. इंग्लंडमधील जुना कॅथलिकद्वेष या पानांत उघड दिसतो. स्टोकरचा व्हॅन हेल्सिंग ख्रिस्तशरीराचा शस्त्रासारखा उपयोग करतो, तेही आपल्या श्रद्धेला खटकते. तथापि ज्या लेखकांना आपल्या मठांची भीती वाटली, त्यांनाच कथेच्या निर्णायक क्षणी कोठे मंदिराचा आश्रय, कोठे वेदीसमोरचा प्रश्न, कोठे धर्मभगिनीची शुश्रूषा यांची गरज भासली. पूर्वग्रह ओळखून वाचणाऱ्याला ही पुस्तके पुष्कळ काही देतात.

दुसरा आक्षेप काळ्या रंगाचा. पांढऱ्या झग्याची चाल 1840 साली व्हिक्टोरिया राणीच्या विवाहानंतर जोमाने पसरली. तो काही विवाहसंस्काराचा भाग नव्हे. आपल्या पणज्या लुगडे नेसून वेदीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या संस्कारात काही उणे पडले नाही. स्वतः ख्रिस्तसभेलाही काळा रंग परका नाही. मृतांसाठी अर्पिल्या जाणाऱ्या मिस्सेत जेथे प्रघात आहे तेथे तो आजही वापरता येतो. यॉर्कशायरच्या व्हिटबी या बंदरगावी, 'ड्रॅक्युला'तील एका भागाचे जे स्थळ, तेथे 1994 पासून काळ्या वेशातील तरुणांचा मेळा भरू लागला. टेकडीवर 1539 साली रिकामा झालेला मठ छपराविना उभा आहे. त्या तरुणांना आपण भुताखेतांचे उपासक ठरवू नये. 2007 मध्ये लँकेशायरमधील एका उद्यानात वीस वर्षांच्या एका मुलीला, ती अशा वेशात होती एवढ्यावरून, टोळक्याने इतकी मारहाण केली की ती दगावली. वेशाविषयीचा तिरस्कार कोठवर जातो ते यातून दिसते.

म्हणून आमची तक्रार वेशाविषयी नाही, ती वाचनाविषयी आहे. वॉलपोलने बांधलेले स्ट्रॉबेरी हिल हे गॉथिक थाटाचे घर आज विवाहांसाठी मिळते. ज्या घराच्या मालकाने नवरदेव चिरडला जाण्याची कथा रचली, त्याच घरात लग्ने लागतात, यातील विरोधाभास किती जणांच्या ध्यानी येत असेल? आणि हे केवळ परदेशस्थांना लागू आहे, असे मानून आपण सुटत नाही. सभागृहाची रोषणाई, बँड, चित्रफीत, जेवणावळ आणि आल्यागेल्याचा मानपान यांच्या याद्या आपल्याकडेही कित्येक महिने चालतात. मात्र कर्ज, आजार, व्यसन किंवा आधीची गुंतवणूक यांविषयी मुलामुलीने एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे, यासाठी एक संध्याकाळही राखून ठेवली जात नाही. विवाहाची संमती मिळवण्यासाठी गंभीर बाब कपटाने लपवली, तर त्या विवाहाच्या वैधतेलाच बाध येतो, असे 1983 च्या कॅनन कायद्याच्या संहितेत म्हटले आहे. गॉथिक कादंबरीकार ती संहिता वाचून लिहीत नव्हते. माणसाच्या भयाचा शोध घेता घेता ते त्याच दारापाशी येऊन पोहोचले.

एखाद्या घरी मुलीने काळ्या झग्याचा हट्ट धरला, तर आईवडिलांनी झग्यावरून भांडू नये. तिच्या आणि तिच्या भावी पतीच्या हाती 'जेन एअर' द्यावी, 'ड्रॅक्युला' द्यावी, आणि दोघांनी ती वाचून झाल्यावर एकमेकांना काय सांगितले, ते त्यांचे त्यांच्यापाशी राहू द्यावे. विवाहपूर्व शिबिरांतूनही या दोन प्रसंगांवर चर्चा घडवून आणता येईल. झग्याचा रंग मग त्यांनाच ठरवू द्यावा.