‘बसणे’ आणि आर्य मदिरा मंडळ

चांदवडहून नाशिकला जाऊन वर्षातून एकदा बारमध्ये ‘बसायचे’, हा आम्हा शाळासोबत्यांचा पन्नाशीतला शिरस्ता. गेल्या वर्षी एकाने दारू सोडली आणि त्याचे येणेच थांबले. तेव्हापासून ‘एकच प्याला’ पुन्हा वाचतो आहे.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ म्हणजे शोकनाट्यातला विनोदी विसावा, असे आपण मानत आलो. मला ते पटत नाही. तिथे शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीत पितात. त्या काळी अशी दुसरी जागा शोधावीच लागली असती. सुधाकराची वकिलीची सनद निलंबित होते तेव्हा जवळ असतो तो तळीराम. सन्मित्र रामलाल विलायतेला गेलेला. पुढे सुधाकर दारू सोडून कामासाठी फिरतो, तर सभ्य माणसेच त्याला झिडकारतात. मंडळाचे दार मात्र उघडेच. नाटकाचा खरा पेच इथे आहे, सिंधूच्या अश्रूंत नाही. (बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना तिकडेच पाहायला लावले, हेही खरे.)

गडकऱ्यांचे उणे एवढेच, की भगीरथ सोडला तर मंडळातल्या कोणाला त्यांनी स्वतःचे दुःख दिले नाही. हशा तेवढा दिला. भगीरथाला रामलाल सेवेच्या मार्गाला लावतो. पण दारू सोडलेल्याने संध्याकाळी कोणाबरोबर बसायचे, हे नाटकात नाही. आम्हालाही त्या मित्राला चहाला बोलवायचे सुचले नव्हते.