जीर्ण स्वादुपिंडदाहातील वेदना : दिवस मोजावे की अंक?

जीर्ण स्वादुपिंडदाहाच्या वेदनेवर ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्यांचा उपयोग होतो काय, या प्रश्नाला दोन प्रयोगांनी विरुद्ध उत्तरे दिली आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील प्रयोगात (२००९) १२७ रुग्ण होते. सेलेनियम, मेथिओनीन, बीटा-कॅरोटीन, तसेच क व ई जीवनसत्त्वे घेणाऱ्यांचे वेदनेचे दिवस सहा महिन्यांनी महिन्याकाठी सरासरी ७.४ ने घटले; औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे ३.२ ने. मँचेस्टरच्या प्रयोगात (२०१२) ७० रुग्णांच्या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

मँचेस्टरचे रुग्ण बहुतांशी मद्यपी व पन्नाशीच्या आसपासचे, दिल्लीचे तिशीचे व बहुतेक अज्ञातकारण, असे या विरोधाचे स्पष्टीकरण देण्यात येते. ते खोटे नाही, अपुरे आहे. दोन्हीकडे मोजलेली वस्तूच निराळी होती. मँचेस्टरमध्ये वेदनेला शून्य ते दहा असा अंक दिला गेला, तर दिल्लीत दिवस मोजले गेले.

मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नव्हे. कळ, ठणका, आग, मुरडा हे त्याचे शब्द वेदनेची जात सांगतात, मात्रा नव्हे. 'दहापैकी किती?' या प्रश्नाला तो बहुधा विचारणाऱ्याचा मान राखण्यापुरते उत्तर देईल. (वेदनेला गुण देण्याची सवय शाळेत न गेलेल्यास कोठून असावी?) महिन्यात किती दिवस पोट दुखले, हे मात्र मजुरी बुडाल्याने त्याला बोटांवर सांगता येते. या दृष्टीने दिल्लीचे माप आपल्याकडे अधिक ग्राह्य ठरते.

तथापि त्या मापातही एक फसगत संभवते. हे दुखणे बहुधा जेवणानंतर बळावते व पाठीकडे जाते. म्हणून रुग्ण हळूहळू अन्नच तोडतो. पहिल्याने तेल-तूप जाते, मग रात्रीची भाकरी. अशा रुग्णाचा वेदनारहित दिवस हा औषधाचा गुण की उपवासाचा, हे नुसत्या दिवसांच्या आकड्यावरून कळत नाही. हलकी कळ आणि लोळवणारा शूळ यांना एकाच दिवसाचे मोल मिळते, हा दोष त्यापुढे किरकोळ होय.

दिल्लीत औषध घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के, तर इतरांपैकी १३ टक्के रुग्ण वेदनामुक्त झाले. हा निष्कर्ष येथे पडताळून पाहावयाचा तर दिवसांच्या नोंदीशेजारी रुग्णाचे वजन आणि दोन्ही वेळचे जेवण लिहिले गेले पाहिजे.