रंग काढल्यावर काय उरतं?

गेल्या महिन्यात एका तरुण छायाचित्रकाराचं प्रदर्शन पाहिलं. सगळे फोटो डिजिटल, मागाहून कृष्णधवल केलेले. दाराशीच लिहिलं होतं की रंग बाजूला काढले की माणसाचा आत्मा दिसतो. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. आत्मा म्हटलं की माझे कान टवकारतात.

या वाक्यामागे नकळत जॉन लॉक उभा आहे. आकार, विस्तार, गती हे वस्तूचे प्राथमिक गुण. रंग, वास, चव हे दुय्यम, पाहणाऱ्यावर अवलंबून. मग दुय्यम गाळलं की मूळ उरेल, असा हा हिशेब. तो चुकतो कुठे, ते बघू.

डिजिटल फोटोत प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. राखाडीला एकच लागतो. तिनाचा एक कसा करायचा, हे फोटो सांगत नाही, कुणीतरी ठरवतं. एक रूढ सूत्र लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ वजन देतं. हिरव्याला एवढा मान का? तर माणसाच्या डोळ्याला तो अधिक उजळ भासतो म्हणून. म्हणजे ज्याला बाहेर काढलं होतं तो पाहणारा मागच्या दारानं आत आलाच की! मोनेचं १८७२चं 'इम्प्रेशन, सनराइज' अशा सूत्रानं राखाडी करून बघा. तो केशरी सूर्य आभाळात जवळजवळ विरघळतो, कारण दोघांची उजळता सारखीच आहे.

आमच्या घरी कुंकू विरघळलं. आई गेल्यावर भिंतीवर लावायला भाच्यानं तिचा फोटो कृष्णधवल केला. चेहरा नितळ दिसावा म्हणून लाल भाग वाढवला. त्वचेतही लाल भरपूर असतो. कपाळ उजळलं, त्यात कुंकूही उजळलं आणि दिसेनासं झालं. वडील फोटोकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिचं कुंकू कुठं गेलं?" जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नसे, तिच्यावर हेच कुंकू काळंभोर आलं असतं. आता यातलं खरं कपाळ कोणतं, सांगा.

भाच्यानं लाल कमी करून फोटो पुन्हा केला. कुंकू आलं, सुरकुत्याही आल्या. वडिलांनी तोच लावला.

प्रदर्शनात नेमकी याची उलट बाजू होती. म्हाताऱ्या बायका, शेतमजूर, सगळ्यांचा लाल उतरवून कातडी काळवंडलेली, रेघ न् रेघ कोरलेली. ही माणसं दारिद्र्यात असतीलही, पण त्यातलं बरंचसं दारिद्र्य संगणकावर चढवलेलं होतं, आणि त्याला नाव दिलं होतं वास्तव. माझा आक्षेप बदल करण्याला नाही. अँसेल अ‍ॅडम्सनं १९२७ साली हाफ डोमचा फोटो घेताना लाल फिल्टर लावून आकाश काळं केलं. पण ते का केलं, हे त्यानं पुढे स्वतः लिहून ठेवलं.

निघताना मी त्या तरुणाला विचारलं, "या आजींच्या फोटोत लाल किती ठेवलास?"

तो म्हणाला, "सर, मी फक्त प्रीसेट लावला."