देवाचा दरबार आणि लक्ष्मीबाईंची चूल

‘मंडळी’ हा आपल्या भाषेतला मोठा गोड शब्द आहे. लग्नाला जमते ती मंडळी, पंगतीला बसते ती मंडळी, आणि जुन्या वळणाचा नवरा आपल्या बायकोचा उल्लेख करतो तोही ‘आमची मंडळी’ असाच! मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी ‘चर्च’ या शब्दासाठी हाच शब्द उचलला. इमारतीला देऊळ म्हटले, पण माणसांच्या समूहाला मंडळी. शब्द घरातला आला. त्याच्यामागून घर आले की नाही, हा मात्र वादाचा विषय आहे. ख्रिस्ती मंडळीचे आज काय व्हावे, याची चर्चा हल्ली पुन्हा ऐकू येते. ती करणाऱ्यांनी आपल्याच वाङ्मयातील एक जुने पान उलटून पाहावे, असे मला वाटते.

ते पान रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1895 साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पुढे वीसेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. ‘ज्ञानोदया’त लिहिले, कीर्तने केली, ‘उपासना संगीता’तील त्यांची शंभराहून अधिक पदे आजही देवळांतून गायिली जातात. हा माणूस 1917 साली मिशनचा पगार सोडतो, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडतो, आणि दरबाराची दारे बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना मोकळी आहेत, असे सांगतो. यातला ‘न घेतलेल्या’ हा शब्द त्या काळी किती जड होता, हे लक्षात घेतले पाहिजे. मंडळीची शिस्तच मुळी नोंदवहीवर उभी होती. वहीत नाव असले तर आत, नसले तर बाहेर. आणि वहीशेजारी पगाराचे रजिस्टर. नवख्रिस्ती माणूस नातलगांकडून तुटून मिशनच्या कंपाउंडात राहायला येई. नोकरी, शाळा, दवाखाना, स्मशान सारे तिथेच. आश्रय खरा होता, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण आश्रयदाता आणि आश्रित एकाच पंगतीत सहज बसत नाहीत, हे टिळकांनी ओळखले होते.

येथवर टिळकांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु दरबाराचे स्तवन करणारे एक गोष्ट नजरेआड करतात. ‘दरबार’ हा शब्दच सिंहासनाचा. देव राजा, हे ठीक. पण पृथ्वीवर त्या दरबाराचा सारा भार एका तेजस्वी, उतावळ्या कवीवर होता. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार उठला. जी मंडळी एका माणसाच्या श्वासावर चालते, तिला मंडळी म्हणावे की मैफल?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ते त्याच घरात, स्वयंपाकघरात आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. आपण ती विनोदासाठी वाचतो, पतिपत्नींच्या भांडणांसाठी वाचतो. ती मंडळीविषयीचे पुस्तक म्हणूनही वाचता येतात, नव्हे, तशीच ती सर्वांत खोल लागतात. आरंभ आठवा. वडिलांचे सोवळे इतके विकोपाला गेलेले, की मीठसुद्धा धुऊन घेतले जाई! त्या घरातली ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा तिने त्याच्यामागे धाव घेतली नाही. कित्येक वर्षे ती दूर राहिली, आणि परत आली तीही आपले सोवळे सांभाळीत. पुढे तिच्या मनातून आधी जात गेली, आणि मग 1900 साली तिने बाप्तिस्मा घेतला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पुष्कळांच्या बाबतीत तो उलटा झाला: आधी बाप्तिस्मा, आणि जात जायची राहूनच गेली. आजही ख्रिस्ती घरात लग्नाची बोलणी निघाली, की मूळ कोण, कुठले, ही विचारणा दबक्या आवाजात होतेच.

मग या घरात माणसे येत राहतात. पोरकी मुले येतात, विद्यार्थी येतात, प्लेगच्या दिवसांत रोगी सांभाळले जातात; बालकवी ठोमरे येतात आणि मुलासारखे राहतात. बालकवींनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. म्हणजे दरबाराची घोषणा होण्याच्या कितीतरी आधी दरबार भरला होता, आणि तो लक्ष्मीबाईंच्या चुलीपुढे! त्याला घटना नव्हती की सभासदांची यादी नव्हती. कोण जेवले, कोण राहिले, एवढीच नोंद, आणि तीही बाईंच्या स्मरणात. टिळकांनी जे तत्त्व म्हणून मांडले, ते बाईंनी आधीच कुरकुरत, हसत, पीठ संपल्याची काळजी करीत जगून टाकले होते.

आता कोणी म्हणेल, घराची गोष्ट निराळी आणि संस्थेची निराळी. आक्षेप रास्त आहे. 1970 साली नागपुरास अनेक पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली; रोमन कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. ही कामे चुलीपुढे होणारी नव्हेत. पण पंथ एक झाले म्हणून पंगत एक झाली असे नाही. शिवाय टिळकांच्या ‘न घेतलेल्या’ शब्दाला स्वातंत्र्यानंतर एक निराळीच धार आली आहे, याचा विचार त्यांच्या अभ्यासकांनी पुरेसा केलेला दिसत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; त्या 1956 साली शिखांना व 1990 साली बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना नाहीत. तेव्हा आज एखादा दलित तरुण देवळात मनोभावे बसतो, पण वहीत नाव घालीत नाही, तेव्हा तो भित्रा म्हणायचा काय? ब्राह्मण कवीने न घेतलेल्यांसाठी दार उघडले, ते श्रद्धेच्या उदारपणातून. या तरुणापुढे प्रश्न शिष्यवृत्तीचा आणि भाकरीचा आहे. त्याला बसायला जागा देणारी मंडळी सरकारी वहीशी आणि आपल्या वहीशी एकाच वेळी कशी वागेल, याचे उत्तर दरबारात नाही. ‘स्मृतिचित्रां’तही ते तयार सापडत नाही, पण तिथे निदान दारात आलेल्याला आधी वाढले जाते, आणि चौकशी मागून होते.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, तेही बाईंनीच पुढे नेले. कवीच्या अकरा अध्यायांपुढे चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले, आणि अक्षरओळख तर त्यांना लग्नानंतर झालेली! त्या चौसष्ट अध्यायांवर मराठी समीक्षेने फारसे लिहिलेले नाही. सुटीत ज्यांना सवड असेल त्यांनी त्याआधी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घ्यावीत. मात्र संक्षिप्त आवृत्ती नको, संपूर्ण घ्यावी. काटछाटीत पहिली कात्री लागते ती येणाऱ्याजाणाऱ्या माणसांनाच.