पुण्यांतील नवी वास्तु आणि जुना दगड

पुण्याच्या पेठांतून वाडे पाडून हल्लीं ज्या इमारती उठत आहेत, त्यांपैकीं कांहींच्या दर्शनी भागास काळ्या दगडाच्या पातळ फरशा व सिमेंटांत ओतलेल्या महिरपी लावून ‘पेशवाई थाट’ आणिला जातो. या थाटाचें परीक्षण होणें अवश्य आहे.

शनिवारवाड्याचें बांधकाम १७३० सालीं सुरू झालें. त्याच्या तटास खालीं घडीव दगड, वर वीट आणि दिल्ली दरवाजावरील नगारखान्यास लांकूड, असा क्रम आहे. यांत प्रत्येक जिनसानें आपल्या वकुबाप्रमाणें भार उचलला आहे. १८२८ च्या आगींत वाड्याचें लांकूडकाम जळालें, परंतु दगडी जोतीं राहिलीं. आज आंतील आराखडा आपण त्यांवरूनच वाचतों. येथें बांधकामाचें साहित्य हेंच इतिहासाचें साधन झालें आहे.

नव्या दर्शनी भागांतील दगड कांहींच उचलीत नाहीं. भार सर्व आंतील काँक्रीटवर. बनावट सनदेवर जुन्या वळणाचा शिक्का उमटवावा, तसा हा प्रकार. काँक्रीटशीं आमचें वैर नाहीं. उघडें राहिल्यास तेंहि आपल्या काळाची खरी साक्ष देईल. याहून घातक म्हणजे जुन्या चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करणें. त्यानें ओल आंत कोंडते व भिंत खंगते.

वाडा पाडणें अटळच असेल, तर आधीं मोजमापें, विटांचे आकार व चुन्याचे नमुने टिपून ठेवावे. जीर्ण पोथीची नक्कल उतरून घेण्यापूर्वींच तिचें विसर्जन करणारास आपण क्षमा करीत नाहीं. वाड्यासहि तोच न्याय लागला पाहिजे.