श्यामच्या आईची नजर

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हिमायतनगर लागते. जुनी माणसे त्याला अद्याप वाढोणा म्हणतात आणि पंचक्रोशी त्याला परमेश्वराच्या मंदिरामुळे व महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ओळखते. तेथील मोजक्या कुटुंबांनी रविवारी सायंकाळी एकत्र बसून एखादे मराठी पुस्तक मोठ्याने वाचावे, असा उपक्रम गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही सुरू केला. पहिले पुस्तक म्हणून साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ निवडले. मुलांसाठी म्हणून निवडले खरे. पण मुले अंगणात खेळत राहिली आणि ऐकत बसली ती मोठी माणसे.

तीन-चार प्रकरणे झाली असतील. कापूस वेचणीला जाणाऱ्या एक बाई दिवसभराच्या श्रमाने पेंगत होत्या, असा आमचा समज होता. त्या एकाएकी म्हणाल्या, “फादर, ह्या बाईला दिसतंय बघा. आपल्याला नुसते डोळे हायत.”

या पुस्तकाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या बाईंच्या दोन वाक्यांनी आम्हांस ते पुन्हा नव्याने वाचावयास लावले, हे आरंभीच कबूल करणे बरे.

‘श्यामची आई’ हे रडविणारे पुस्तक आहे, असा त्याचा लौकिक. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी गुरुजींनी ते लिहावयास घेतले आणि १३ तारखेच्या पहाटे बहुतांशी हातावेगळे केले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, त्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि महाराष्ट्राच्या घराघरांतील रुमाल ओले झाले. तेव्हापासून पुस्तक न वाचलेल्यांनाही ते पाठ असते. टीकाकारांनी या अश्रूंवरच बोट ठेवले. भावविवशता, भाबडेपणा, उपदेशाचा सोस, असे आक्षेप घेतले गेले, आणि त्यांत तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी श्याम थांबून त्याचे तात्पर्य सांगू लागतो, तेव्हा प्रवचने देण्यात आयुष्य घालविलेल्या आम्हांसही चुळबुळ होते. आपलाच दोष दुसऱ्यात दिसला की तो अधिक टोचतो.

तथापि एक गोष्ट या आक्षेपकांच्या नजरेतून निसटली, असे आम्हांस वाटते. या पुस्तकात रडतो तो श्याम. आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगणारा, वयाने मोठा झालेला श्याम. आईच्या वाट्याला अश्रू आहेत, पण ते बहुधा तिच्या स्वतःच्या दुःखाचे. दुसऱ्याच्या दुःखापुढे ती रडत बसत नाही. ती पाहते आणि लगेच कोणाला तरी कामाला लावते, बहुधा श्यामला. निवेदकाचा ओलावा बाजूला सारून केवळ आईची क्रियापदे वाचावीत: बघ, जा, उचल, दे, ये. इतकी कोरडी, इतकी व्यवहारी दया मराठी गद्यात फार थोड्या ठिकाणी सापडेल. चित्रपटाने आपल्या डोळ्यांपुढे आईचा भरून आलेला चेहरा ठेवला. पुस्तकात तिची नजर आहे, आणि ती आपल्याकडे वळलेली नसून रस्त्याकडे वळलेली आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण. महार समाजातील एका वृद्धेच्या डोक्यावरची लाकडांची मोळी रस्त्यात खाली पडते. ती एकटीने उचलून डोक्यावर घेण्याइतकी शक्ती तिच्यात नाही. माणसे आहेत; पण तिला शिवणार कोण? श्यामच्या आईला ते दिसते आणि ती मुलाला मोळी उचलून देण्यास पाठविते. म्हातारी स्वतःच घाबरते, कारण ब्राह्मणाचा मुलगा आपल्याला शिवला हे कोणी पाहिले तर त्याचे परिणाम तिला ठाऊक आहेत. मोळी उचलली जाते. मात्र आईच्या त्याच आज्ञेत आणखीही एक गोष्ट असते: परत येऊन आंघोळ कर.

त्या आंघोळीवर आमच्या बैठकीत दीड तास गेला. पुस्तकाचे काही भक्त ती झाकू पाहतात आणि काही टीकाकार केवळ तिच्यावरून आईला निकालात काढतात. आम्हांस दोन्ही मार्ग सोयीचे वाटतात, म्हणूनच पटत नाहीत. आईची नजर तिच्या काळाच्या पुढे गेली; तिचे अंगण मात्र त्या काळातच राहिले. साने गुरुजींना ही आंघोळ लिहिताना गाळता आली असती. त्यांनी ती गाळली नाही, यात त्यांचे लेखक म्हणून सचोटीचे वागणे दिसते. पुढे १ मे १९४७ पासून ते पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणास बसले आणि १० मे रोजी ते उपोषण सुटले. आईने जेथे पाऊल थांबविले, तेथून मुलगा पुढे चालला असे कोणी म्हणेल, तर आमची हरकत नाही.

आमची हरकत निराळी आहे, आणि ती आम्हांस सुचलेली नसून ऐकणाऱ्यांकडून आली. मराठवाड्यातील आपल्या अनेक कुटुंबांच्या आज्यांनी, पणज्यांनी अशाच मोळ्या वाहिल्या आहेत. त्यामुळे श्यामच्या आईचे कौतुक करून झाल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “त्या म्हातारीचं पुढं काय झालं?” आम्ही पाने उलटली. पुस्तकात ते नाही. मोळी डोक्यावर चढते, श्यामला धडा मिळतो, पण म्हातारीला नावही मिळत नाही. दयेच्या कथांचा हा जुनाच दोष आहे: जिच्यावर दया झाली ती दयाळू माणसाच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून येते आणि काम होताच निघून जाते. लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाच्या दाखल्यात निदान दुसऱ्या दिवशीचा विचार आहे. तो खानावळवाल्याला पैसे देतो आणि परत येताना उरलेला खर्च देण्याचे सांगतो. जाता जाता हेही नोंदवावे की त्या दाखल्यात याजकाने व लेवीनेही जखमी माणसाला पाहिले होते. त्यांच्या डोळ्यांत काही बिघाड नव्हता. आम्ही त्याच व्यवसायातले, म्हणून ही ओळ आम्ही सहसा भरभर वाचतो.

या दृष्टीने ‘मथुरी’ हे प्रकरण आम्हांस अधिक मोलाचे वाटते, जरी त्याची चर्चा कमी होते. मथुरी ही घरी कांडणाला येणारी मजूर बाई. येथे तिला नाव आहे, घर आहे, दुखणे आहे. प्रकरणच तिच्या नावाचे आहे. आई तिच्या आजाराची दखल घेते, तिची सोय पाहते. परकी म्हातारी क्षणभर भेटते, पण रोज दारात येणाऱ्या माणसाचा उतरलेला चेहरा ओळखणे त्याहून अवघड, कारण रोजच्या माणसाकडे आपण पाहातच नाही. त्याचे काम तेवढे पाहतो.

आणि मग ‘अळणी भाजी’. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक अक्षर न बोलता, उलट वाखाणून ती खातात आणि मुलेही गप्प राहतात. सर्वांची जेवणे आटोपून आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला उमगते. एवढीच गोष्ट. पण सर्वांकडे पाहणाऱ्या आईकडे घरातील दुसऱ्या कोणी पाहिल्याचा इतका निखळ प्रसंग पुस्तकात क्वचितच आहे. आमच्या मते हे पुस्तकातील सर्वांत परिपूर्ण प्रकरण. यात ना भूतदया आहे, ना त्याग. एक पुरुष आपल्या दमलेल्या बायकोला चार माणसांत ओशाळवाणे होऊ देत नाही, इतकेच.

ही नजर उत्तरार्धात आईला पुरत नाही. घर कर्जात बुडते. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ या प्रकरणात सावकाराचा माणूस दारात येऊन मर्यादा सोडून बोलतो आणि आईचा संताप अनावर होतो. हे प्रकरण हिमायतनगरला वाचले तेव्हा अंगणातील मुलांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. सोयाबीन व कापूस यांच्यावर जगणाऱ्या या मुलखात त्या मथळ्याचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही. नांदेड, लातूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांनी गेल्या तीन दशकांत कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या इतक्या बातम्या वाचल्या आहेत, की ती बातमी आता आतल्या पानावर सरकली आहे.

दाराजवळ बसणारे एक शेतकरी त्या सायंकाळी मध्येच उठून गेले. आम्ही ते पाहिले. बीडी ओढायला गेले असतील, असे समजून वाचन चालू ठेवले. पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. तेही आम्ही पाहिले. वेचणीचे दिवस आहेत, असे मनाशी म्हटले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो तो निराळ्याच कामासाठी. दावणीला बैल नव्हते. विचारले तेव्हा कळले की ते विकून महिना होऊन गेला. त्या महिन्यात आम्ही त्या घरावरून किमान दहा वेळा गेलो असू, आणि दर वेळी हात वर करून “बरं आहे ना?” असे विचारून, उत्तराची वाट न पाहता पुढे सरकलो असू. श्यामच्या आईच्या नजरेची चिकित्सा आम्ही त्याच दिवसांत करीत होतो. ते गृहस्थ फार बोलले नाहीत. “कुणाला सांगावं असं वाटत होतं, पण कुणी बसलंच नाही,” एवढेच म्हणाले. आम्ही त्या दिवशी बसलो. पुढे त्यांचा मेव्हणा व शेजारचे दोघेही येऊन बसू लागले. कर्ज आहे तेवढेच आहे.

या पुस्तकाच्या टीकेत आणखी एक गोष्ट आम्हांस टाळता येत नाही. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे कपडे धुणारे, आजारी मुलाच्या उशाशी बसणारे साने गुरुजी म्हणजे आईची ती नजर वारशाने मिळालेला माणूस. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले, त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले आणि ११ जून १९५० रोजी स्वतःच आपले जीवन संपविले. त्याची कारणे येथे उगाळण्याचा आम्हांस अधिकार नाही. अशा घटनेला एकच कारण असते, असे मानणे हाही एक भाबडेपणाच. पण त्यांच्याभोवती माणसांची वाण नव्हती. ज्याला सर्वांचे दिसते तो स्वतः ठीकच असणार, असे आपण गृहीत धरतो. पुस्तकातील घरही आईविषयी पुष्कळदा हेच गृहीत धरून चालते.

आपल्या ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेत ती मनाई राहिली नाही. काही घरांतून मात्र ती अजून शिल्लक आहे आणि मृताच्या विधवेला तिचा भार सोसावा लागतो, म्हणून हा उल्लेख.

ज्या पालकांना मुलांसाठी हे पुस्तक घ्यावयाचे आहे, त्यांनी ते पहिल्या रात्रीपासून ओळीने बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत वाचण्याचा हट्ट धरू नये. आरंभ ‘अळणी भाजी’ने करावा, मग ‘मथुरी’ घ्यावे. ‘देवाला सारी प्रिय’ वाचताना घरातील आजीला जवळ बसवून घ्यावे; पुस्तकात जे नाही ते ती सांगू शकेल. आईच्या आजाराची व मृत्यूची प्रकरणे मुले जरा मोठी झाल्यावर वाचली तरी चालेल.

हिमायतनगरच्या मंडळींनी पुढील पुस्तक म्हणून ‘सुंदर पत्रे’ ठरविले आहे. गुरुजींनी पुतणी सुधा हिला ‘साधना’तून लिहिलेली ही पत्रे त्यांच्या अखेरच्या काळातील. त्यांत पाऊस आहे, पाखरे आहेत, फुले आहेत, देशाची काळजी आहे आणि घरच्या सर्वांची विचारपूस आहे. वेचणीला जाणाऱ्या त्या बाईंनी सुचविले आहे की प्रत्येक पत्र वाचण्यापूर्वी त्याची तारीख मोठ्याने वाचावी.