गाईचा ढेकर आणि छेदातला आकडा

हवामानबदलावरचा तक्ता हल्ली गाईच्या चित्राशिवाय पुरा होत नाही. त्या चित्राखालच्या आकड्याचे मूळ बहुधा एकाच अहवालात सापडते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेला ‘लाइव्हस्टॉक्स लाँग शॅडो’, म्हणजे ‘पशुधनाची लांब सावली’, हा तो अहवाल. जगातील हरितगृह वायूंपैकी १८ टक्के पशुपालनातून येतात आणि हा वाटा वाहतुकीपेक्षा मोठा आहे, असे त्यात म्हटले होते. कर्जत-खालापूरच्या वर्गात, जिथे अनेक मुलांच्या दारात बैल किंवा म्हैस बांधलेली असते, हा आकडा कसा शिकवावा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

अहवालाचे श्रेय आधी दिले पाहिजे. चराई, चारापिके, पाणी आणि जंगलतोड यांचा एकत्र हिशेब त्याने मांडला. त्यातले जीवशास्त्रही पक्के आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव गवताचे किण्वन करतात. त्यात सुटणाऱ्या हायड्रोजनपासून काही सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो मुख्यतः ढेकरातून बाहेर पडतो. खाल्लेल्या चाऱ्यातील सुमारे साडेसहा टक्के ऊर्जा अशी वाया जाते. देशी गाय मिथेन सोडतच नाही, असे जे सांगितले जाते ते खरे नाही.

मग आक्षेप कशाला? पहिला आक्षेप तुलनेला. पशुपालनाच्या बाजूला चारा पिकवण्यापासून जंगल तोडण्यापर्यंत सगळे धरले आणि वाहतुकीच्या बाजूला मुख्यतः वाहनांत जळणारे इंधनच धरले. ही टीका झाल्यावर अहवालाच्या लेखकांपैकी एकाने ती योग्य असल्याचे २०१० मध्ये मान्य केले. पुढे याच संघटनेने २०१३ साली १४.५ टक्के आणि २०२३ साली सुमारे १२ टक्के असे अंदाज दिले. पद्धत बदलली की आकडा बदलतो, हे मुलांना सांगायलाच हवे.

दुसरा आक्षेप सरासरीला. त्या १८ टक्क्यांतला सुमारे एक तृतीयांश भाग जंगलतोडीचा होता आणि त्यात मोठा वाटा दक्षिण अमेरिकेत कुरणांसाठी व चारापिकांसाठी तोडलेल्या अरण्यांचा. कर्जतचा बैल भाताचा पेंढा आणि वरकस जमिनीवरचे गवत खातो. अॅमेझॉनचे ओझे त्याच्या पाठीवर का लादावे?

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो अहवालापेक्षा त्याच्या वाचकांवर अधिक आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतील एक कोष्टक पाहा. उत्तर अमेरिकेतील दुभती गाय वर्षाला १२८ किलो मिथेन सोडते, भारतीय उपखंडातील ५८ किलो. म्हणजे आपली गाय निम्म्याहून कमी दोषी! पण त्याच कोष्टकात दूधही दिले आहे : तिथे वर्षाला ८,४०० किलो, इथे ९००. भागाकार केला की तिथे किलोमागे सुमारे १५ ग्रॅम मिथेन आणि इथे ६४. म्हणजे आपली गाय चौपट दोषी! अंश तेच, छेद बदलला आणि निकाल उलटला.

छेदात नेमके काय घालावे? ब्राझील किंवा ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागात तिथे मांस घालतात आणि ते बरोबर आहे. कुरण सुधारले की जनावर लवकर वजन धरते, कोवळ्या वयाचे मांस मऊ राहते आणि आयुष्य आखूड झाल्याने एकूण मिथेनही घटतो. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि मार्च २०१५ पासून ती बैल व वळू यांनाही लागू झाली. तेव्हा इथल्या गाई-बैलांसाठी मांस हा छेदच उरत नाही. बैल उन्हाळ्यात गाडी ओढतो, पावसाळ्यात चिखलणी करतो. त्याचे शेण राबाला आणि शेताला जाते. यातले काहीही लिटरमध्ये मोजले जात नाही.

पण म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. निकृष्ट चारा खाऊन कमी दूध देणारे जनावर आपलेही नुकसान करते. इथे पावसाळ्यात गवत माजते. पण फुलोऱ्यानंतर ते झपाट्याने कडक होते, प्रथिने घटतात आणि कुसळीला टोचणारी कुसे येतात. फुलोऱ्यात कापावे, हे शास्त्र सोपे आहे. मात्र तेव्हा पाऊस वाळवू देत नाही आणि उघडीप मिळते तोवर भातकापणी उभी राहते. ही अडचण कोणत्याही अहवालात नाही. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करणे त्यामानाने शक्य आहे. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि पेंढा २१ दिवस हवाबंद ठेवावा. तो अधिक पचतो. माप मात्र चुकता कामा नये. जास्त युरिया विषारी ठरतो. यामुळे जनावराचा रोजचा मिथेन घटेलच असे नाही, लिटरमागचा घटतो. आणि जे माळ फार्महाउसच्या कुंपणात गेले, तिथला चारा कोणत्याच प्रक्रियेने परत येत नाही.

शेवटी वर्गासाठी एक गणित. वरच्या कोष्टकानुसार उपखंडातील बिनदुभते जनावर वर्षाला २७ किलो मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, म्हणजे ७५६ किलो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मुंबईहून जाऊन-येऊन १५० किलोमीटर आणि लिटरला १५ किलोमीटर धरले, तर मोटारीच्या एका खेपेला २३ किलो. म्हणजे एका बैलाचे वर्ष बरोबर मोटारीच्या तेहतीस खेपा. वीस वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन सुमारे ८० पट भरतो आणि खेपा जवळजवळ तिप्पट होतात. मात्र मिथेन सुमारे बारा वर्षांत हवेतून जातो. पेट्रोलच्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके राहतो.

हे दोन्ही हिशेब मुलांनी स्वतः करावेत. त्यानंतर बैल दोषी की मोटार, असे त्यांना विचारू नये. त्या बैलाने आणि त्या खेपेने कुणाचे कोणते काम केले, ते विचारावे.